‘डेबिटेड’च्या आधी काय लिहिले आहे?

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समधल्या मराठी घरांत बोलणे मराठीत, बाजार हिंदीत आणि बँकेचा संदेश मात्र बहुधा इंग्रजीत. ‘क्रेडिटेड’ म्हणजे जमा, ‘डेबिटेड’ म्हणजे वजा, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. खरी गोम त्याच्या आधीच्या शब्दांत आहे.

‘हॅज बीन डेबिटेड’ म्हणजे पैसे गेले. व्यवहार तुमचा नसेल, तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० वर तक्रार नोंदवा. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा फसवणुकीत ३ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास नुकसान ग्राहकावर पडत नाही, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटले होते.

‘विल बी डेबिटेड’ म्हणजे पैसे अजून खात्यातच आहेत. कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची अशी सूचना किमान २४ तास आधी येते. वर्गणी नको असेल, तर ती थांबवायला तेवढा वेळ हाताशी असतो. शाळेत रटाळ वाटलेला भविष्यकाळ इथे पैसे वाचवतो!

भामट्यांनाही हाच काळ आवडतो: ‘युअर अकाउंट विल बी ब्लॉक्ड’. खाली लिंक असते. तिला हात लावू नका.

आज मोबाइलमधले पाच जुने संदेश उघडा. प्रत्येकापुढे वहीत ‘गेले’, ‘जाणार’ किंवा ‘आले’ लिहा आणि पासबुकाशी ताडून पाहा.