मोजदाद व ओळख

तलासरीच्या माळावर किंवा डहाणूच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात सायंकाळी गुरे घेऊन परतणारा एखादा लहान गुराखी भेटला, तर त्यास विचारून पाहावे, "तुझी गुरे किती?" बहुधा तो क्षणभर गोंधळतो आणि आकडा न सांगता एकेकीचे नाव घेऊ लागतो: ही ढवळी, ती बांडी, मागे रेंगाळते ती मोरी. मोजणे त्यास कदाचित येत नसेल. परंतु एखादे जनावर रानात राहिले, तर मोजण्यापूर्वीच त्यास ते उमगते.

लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातील हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त आम्हां सर्वांस परिचित आहे. तो वाचताना आम्ही शंभरातून एक वजा करतो व पुढे जातो. परंतु हिशेबाने एक उणे आहे एवढेच कळते. कोणते उणे आहे, हे ओळखीवाचून कळत नाही. केवळ संख्या भरून काढावयाची असती, तर बाजारातून दुसरे मेंढरू आणता आले असते. मेंढपाळ रानात गेला तो संख्येसाठी नव्हे, त्या एकासाठी. योहानकृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातही मेंढपाळ आपल्या मेंढरांस त्यांच्या नावांनी बोलावतो, असेच प्रभू येशू शिकवितो.

देव जगावर प्रीती करतो, हे आम्ही लहानपणापासून पाठ केले आहे. परंतु 'जग' हा शब्द फार मोठा आहे. त्याच्या आड सहज लपता येते. देव मला ओळखतो व मजवर प्रीती करतो, असे म्हणताना मात्र जीभ अडखळते. कारण जो ओळखतो त्यास आमचे सर्वच ठाऊक असते. १३९ व्या स्तोत्राच्या कर्त्यासही या ओळखीपासून पळून जावेसे वाटले. परंतु जेथे जावे तेथे देव अगोदरच होता. ख्रिस्ती विश्वासाचा गाभा हाच की, जो आम्हांस पुरते ओळखतो, तोच आमच्यावर पुरती प्रीती करतो.

मोजदाद व ओळख यांतील भेद आमच्या या मुलखाने फार कठोर रीतीने अनुभवला आहे. येथील वारली कुटुंबांत जन्मवारावरून नाव ठेवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती. सोमवारचा तो सोमा, बुधवारचा तो बुध्या. आईच्या तोंडी ते नाव तिच्या एका बाळाचे असे. सावकाराच्या वहीत ते केवळ कर्जाचे खाते होई. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी पतिपत्नींनी सावकाराच्या घरी व शेतावर वर्षानुवर्षे राबावे, अशी प्रथा होती. अशा माणसास लग्नगडी म्हणत. वहीत काय लिहिले आहे हे त्यास वाचता येत नसे. त्याखाली त्याचा अंगठा मात्र असे.

१९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळील झरी या गावी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करावयाची नाही, असा त्यांनी निर्धार केला. तो लढा किसान सभेचा होता, कोणत्याही चर्चचा नव्हे, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गोदावरी परुळेकर यांनी त्याची हकीकत लिहिली, त्या ग्रंथाचे नाव 'जेव्हा माणूस जागा होतो' असे आहे. पुढे १९७६ साली कायद्याने वेठबिगारी सर्व देशात बंद झाली. वहीतले खाते हे माणूस होते, हे जगास कळावयास इतका काळ लागला. देवास मात्र ते कळावयाचे नव्हते; त्यास त्यातील प्रत्येकाचे नाव प्रथमपासून ठाऊक होते.

शुभवर्तमानात एका वहीवाल्याचीही कथा आहे. यरीहो नगरातील मुख्य जकातदार जक्कय बुटका असल्यामुळे उंबराच्या झाडावर चढून बसला होता. लोक त्यास त्याच्या धंद्यावरून ओळखत. प्रभूने मात्र झाडाखाली थांबून त्यास नावाने हाक मारली आणि त्याच्या घरी उतरण्याचे ठरविले. त्याचा परिणाम काय झाला? जक्कयाने अर्धे धन दरिद्र्यांस देऊ केले आणि ज्यास फसविले असेल त्यास चौपट परत करण्याचे वचन दिले. विद्यार्थिमित्रहो, येथे थोडे थांबून विचार करा. चौपट परत द्यावयाचे, तर कोणास फसविले ते एकेकाचे नाव आठवावे लागते. ज्यास देवाने नावाने हाक मारली, त्यास आपल्या वहीतील आकड्यांच्या जागी माणसे दिसू लागली.

म्हणून देव आपणांस ओळखतो, हा विश्वास केवळ एकांतात सुख मानण्यासाठी नाही. आम्ही शिक्षकही हजेरी घेताना पुष्कळदा क्रमांकच वाचतो. दूरच्या पाड्यावरून आलेला, मागच्या बाकावर मुकाट बसणारा मुलगा "हजर" म्हणतो आणि आमचे काम संपते. वाडीत चिकू उतरविणारे मजूर आम्हांस रोज दिसतात. त्यांपैकी कितीजणांची नावे आम्हांस सांगता येतील? उद्या सकाळी अशा एका तरी माणसास नाव विचारावे, ते लक्षात ठेवावे आणि रात्रीच्या प्रार्थनेत आपल्या नावाशेजारी ते घ्यावे. ते नाव देवास नवे नसेल. नवे असेल ते आम्हांसच.