दोघेही ख्रिस्तीच, मग वैर कशाचं?

प्रश्न : उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट तीस वर्षं एकमेकांचे जीव घेत होते. दोघेही ख्रिस्तीच ना? मग भांडण धर्माचं होतं की राजकारणाचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बायबलच्या अर्थावरून तिथे कुणी गोळी झाडली नाही. भांडण जमीन, घर आणि मत यांचं होतं. पण या तिन्ही गोष्टी कुणाच्या पदरात पडणार, हे धर्म पाहून ठरायचं. त्यामुळे धर्मालाही नामानिराळं राहता येत नाही.

१६०९च्या सुमारास इंग्लंडच्या राजा जेम्सनं अल्स्टर या आयर्लंडच्या उत्तर भागातल्या कॅथलिकांच्या जमिनी काढून घेतल्या आणि स्कॉटलंड-इंग्लंडहून आणलेल्या प्रोटेस्टंटांना दिल्या. १९२१मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेतले सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तिथे प्रोटेस्टंट बहुसंख्य होते आणि सत्ताही त्यांचीच.

खरी मेख घरात होती. स्थानिक निवडणुकीत मत मुख्यतः घर नावावर असलेल्यांना आणि त्यांच्या जोडीदारांना असे. आईवडिलांकडे राहणाऱ्या प्रौढ मुलाला ते नसे. म्हणजे सरकारी घर दिलं की मतही दिलं. डेरी शहरात कॅथलिक जास्त होते, तरी प्रभाग असे पाडले होते की पालिका प्रोटेस्टंटांच्याच हाती राहावी. जून १९६८मध्ये कॅलेडन गावात असं एक सरकारी घर एकोणीस वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला मिळालं. लेकुरवाळी कॅथलिक कुटुंबं मात्र ताटकळत राहिली. ऑस्टिन करी या आमदारानं त्या घरात शिरून ठिय्या दिला. मग समान हक्कांसाठी मोर्चे निघाले, मोर्चांवर लाठ्या पडल्या आणि पुढे बंदुका आल्या. १९९८च्या गुड फ्रायडे शांतता करारापर्यंत सुमारे ३,५०० माणसं मारली गेली.

उत्तर आयर्लंडच्या राजधानीत, बेलफास्टमध्ये, माणसाचं नाव आणि शाळा कळली की तो कुठल्या बाजूचा, हे बहुतेकदा ओळखतात. आपणही ‘पूर्ण नाव काय?’ असं विचारतो, तेव्हा पुष्कळदा हेच चाचपत असतो. म्हणून कुठेही धर्मावरून तेढ वाढली, की तिथे घर, नोकरी, मत कुणाला नाकारलं जातंय, हे आधी पाहावं.

या संघर्षाच्या ऐन काळात, १९८१मध्ये, ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणारे दहा कैदी तुरुंगातल्या उपोषणात मेले. त्याच वर्षी दोन्ही बाजूंच्या काही पालकांनी बेलफास्टमध्ये लॅगन कॉलेज ही एकत्र शाळा काढली. सुरुवातीला मुलं होती अठ्ठावीस. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्या वेगळ्या ठेवणाऱ्या भिंती अजून उभ्या आहेत, पण ती शाळाही चालू आहे.