मत्स्यालयातून खाडीकडे

भिवंडी तालुक्यातील पूर्णा गाव आज ठाणे-भिवंडी मार्गावरील गोदामांच्या पट्ट्यात मोडते. तथापि उल्हास नदीची खाडी येथून दूर नाही. भरती-ओहोटीचे पाणी, तिवरांची झाडी आणि चिखलातील जीवसृष्टी हे या परिसराचे नैसर्गिक धन होय. त्याची ओळख विद्यार्थ्यांना करून देण्याचे एक प्रभावी साधन म्हणजे मत्स्यालय.

तारापोरवाला मत्स्यालय

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. पारशी दानशूर डी. बी. तारापोरवाला यांच्या देणगीमुळे त्यास हे नाव मिळाले. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने चालविलेल्या या मत्स्यालयात शालेय सहलींच्या कित्येक पिढ्या येऊन गेल्या. नूतनीकरणानंतर २०१५ साली ते पुन्हा खुले झाले, तेव्हा बारा फूट लांबीचा पारदर्शक बोगदा तेथील मुख्य आकर्षण ठरला. २०२० साली कोरोनाच्या साथीत ते बंद करण्यात आले. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्र मात्र २०१७ पासून ठाणे खाडीचा परिचय करून देत आहे.

काय पाहावे?

रंगीत मासे पाहून परतणे म्हणजे अभ्यास नव्हे. शिक्षकांनी भेटीपूर्वी प्रश्न ठरवून द्यावेत. पाकट चपटा का? त्याचे डोळे वरच्या बाजूस व कल्ल्यांच्या फटी खालच्या बाजूस का? लेपाचे दोन्ही डोळे एकाच अंगास कसे? तळाशी राहणाऱ्या जीवाचे शरीर तळास अनुरूप घडते, हे उत्तर विद्यार्थी निरीक्षणातून स्वतः शोधू शकतात.

टाकीचे पाणी हाही एक धडाच आहे. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया निर्माण होतो व तो त्यांनाच घातक ठरतो. गाळणीतील सूक्ष्म जीवाणू त्याचे टप्प्याटप्प्याने नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, तर हवेचे पंप प्राणवायू पुरवितात. ही व्यवस्था थांबली की मासे दगावतात. खाडीत हेच कार्य चिखलातील जीवाणू, तिवरे आणि भरती-ओहोटी विनामूल्य करीत असतात. भराव, सांडपाणी व प्लास्टिक यांनी त्यात खंड पडला, तर खाडीचीही तीच गत होते.

गावातील जिवंत प्रदर्शन

चिखलावर उड्या मारणारी निवटी काचेआड शोधण्याची गरज नाही. कल्ल्यांच्या पोकळीत साठविलेले पाणी व ओलसर त्वचा यांच्या साहाय्याने ती पाण्याबाहेर श्वसन करते आणि छातीच्या परांवर सरकत चालते. ओहोटीच्या वेळी, जाणत्या मच्छीमारांच्या सोबतीने, सुरक्षित काठावरून विद्यार्थ्यांना ती दाखविता येईल.

पंचायतीचे कार्य

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. कोणता मासा कोणत्या ऋतूत मिळे व आता का मिळत नाही, हे गावातील वृद्ध मच्छीमार जाणतात. ते ज्ञान त्यांच्यासोबत लोप पावण्यापूर्वी विद्यार्थ्यांकरवी टिपून घ्यावे आणि समितीने पडताळून नोंदवावे. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ साली त्यास रामसर स्थळाचा दर्जा लाभला. अभयारण्याच्या सीमेबाहेरील खाडीचे रक्षण मात्र काठावरील गावांच्या जागरूकतेवरच अवलंबून राहणार आहे. मत्स्यालयाची भेट ही त्या जागरूकतेची पहिली पायरी ठरावी.