जाळीतून लाटा गळत नाहीत का?

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि कळलं, पुन्हा कुणीतरी टोचून बोललंय. ‘विज्ञान दिनाला खोडदला पोरांपुढे उभी राहणार? मग पेपर कोण लिहिणार?’ हेच ना? पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मलाही हेच ऐकवलं होतं, आणि मला ते पटलंही होतं. दोन दिवस वाया जाणार म्हणून रडवेली होऊन मी खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या त्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेनाखाली उभी राहिले.

सहावी-सातवीतली एक मुलगी आली. मान वर करून बघत म्हणाली, “ताई, ही तर नुसती जाळी आहे. भोकांतून लाटा गळत नाहीत का?” मी ‘तरंगलांबी’ हा शब्द उच्चारला आणि तिचा चेहरा पाहून थांबले. मग म्हटलं, खुराड्याची जाळी आठव. मुंगी जाते, कोंबडी अडते. आपल्याला धरायच्या लाटा वीतभर ते पुरुषभर लांब, आणि जाळीची भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. लाट अडते, वारा आरपार जातो. म्हणून तर गोविंद स्वरूप सरांना एवढ्या अजस्र डिश हलक्या आणि कमी खर्चात उभारता आल्या. तिनं क्षणभर विचार केला. “मग मुंगीएवढी लाट आली तर?”

गळेल, म्हटलं. पण तो प्रश्न घेऊनच मी खोलीवर आले. आठ महिने मी प्रस्तावना लिहीत होते, आणि माझी दुर्बीण काय पाहू शकत नाही हे त्यात कुठेच नव्हतं! त्या रात्री पहिलं पान बाजूला ठेवलं आणि तिथूनच नव्यानं सुरुवात केली. थिसिसमधलं तेवढं एक पान मला आजही वाचावंसं वाटतं.

तुला आकडाच हवा असेल, तर घे. १९९१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. त्याच जर्नलमधल्या ज्या शोधनिबंधांची बातमी न्यूयॉर्क टाइम्सनं दिली होती, त्यांना पहिल्या वर्षी इतरांपेक्षा सुमारे ७३ टक्के जास्त उल्लेख मिळाले. तू म्हणशील, चांगलेच निबंध निवडले असतील. पण १९७८ मध्ये त्या वृत्तपत्रात १२ आठवडे संप होता. दप्तरी नोंदीपुरता अंक निघत होता, लोकांच्या हाती पडत नव्हता. त्या काळात निवडलेल्या निबंधांना ही वाढ मिळालीच नाही. म्हणजे बघ, शास्त्रज्ञसुद्धा आधी माणसंच, पेपर वाचणारी!

आणि एक गोष्ट, जी आपल्याकडे कुणी मोठ्यानं बोलत नाही. आकाशातून येणारा आपला संकेत इतका क्षीण असतो की जवळपासचा मोबाईल, विजेच्या तारेवरची ठिणगी त्याला गिळून टाकते. तू रात्र रात्र बसून जो गोंगाट डेटातून खुडून काढतेस, तो कुठून येतो? बराचसा आजूबाजूच्या वस्तीतून. तिथली माणसं २८ फेब्रुवारीला पोरंबाळं घेऊन येतात. ‘तार ठिणग्या टाकत असेल तर आमचे तारे दिसत नाहीत’ हे त्यांना तू सांगितलं नाहीस, तर कोण सांगणार? त्यांच्यावर उपकार म्हणून नको जाऊ, बाई. तुझ्याच डेटासाठी जा.

थिसिस जमा करायच्या महिन्यात कुणी बोलावलं, तर मात्र सरळ नाही म्हण. तेवढा हट्ट तुझाही राहू दे.

परवा जाताना जाळीचा एक तुकडा आणि मीटरटेप घेऊन जा. पोरांनाच मोजू दे. पाण्याची बाटली विसरू नकोस, दुपारी तिथं ऊन मी म्हणतं. आणि वहीच्या मागच्या पानावर त्यांचे प्रश्न लिहून ठेव, जसेच्या तसे, त्यांच्याच शब्दांत. ज्याचं उत्तर तुला आलं नाही, त्याच्यापुढे फुली मार. रात्री फोन कर. आधी फुल्यांचे वाचून दाखव.