लायडेनची बरणी

विद्युत् सांठविण्याच्या साधनास संग्राहक अथवा कंडेन्सर म्हणतात. धातूचे दोन पत्रे समोरासमोर ठेवून मध्यें कांच, मेण किंवा हवा यांसारखा विद्युद्रोधक पदार्थ असला कीं संग्राहक तयार होतो. त्याचें सर्वांत जुनें रूप म्हणजे लायडेनची बरणी. इ. स. १७४५ मध्यें पोमेरेनियांत फॉन क्लाइस्ट यास, व १७४६ च्या आरंभीं हॉलंडांतील लायडेन येथें प्राध्यापक म्यूशेनब्रूक यास, हा शोध स्वतंत्रपणें लागला. तेथें बरणींत पाणी होतें, आणि बरणी धरणारा हातच बाहेरच्या पत्र्याचें काम करीत होता. म्हणून पहिले धक्के शोधकर्त्यांसच बसले! त्याच वर्षीं फ्रान्समध्यें नोले यानें १८० शिपायांस हातांत हात धरून उभें केलें, तों बरणीच्या एका विसर्गानें ते सर्व एकदम उडाले.

ही बरणी घरीं करणें अवघड नाहीं. एकसारख्या जाडीची, बुडबुडे नसलेली, रुंद तोंडाची कोरडी बरणी घ्यावी. आंतून व बाहेरून, बुडापासून दोनतृतीयांश उंचीपर्यंत, कथलाचा किंवा अॅल्युमिनियमचा वर्ख चिकटवावा. वरची कांच उघडी ठेवावी, नाहीं तर ठिणगी तिच्यावरून सरपटेल. झांकणांतून पितळी दांडी घालावी. तिच्या खालीं आंतल्या वर्खास टेकणारी सांखळी व वर गुळगुळीत गोळी असावी. गोळीच कां? कारण अणकुचीदार टोंकांतून विद्युत् हवेंत निसटते.

वर्खाचें क्षेत्रफळ दुप्पट केलें अथवा कांच निम्म्या जाडीची घेतली, तर धारणाशक्ति दुप्पट होते. परंतु फार पातळ कांच उच्च दाबानें भेदली जाते.

आतां धोक्याचें गणित पाहूं. ऊर्जा ही धारणाशक्ति व दाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. धारणाशक्ति फॅरडचा एक अब्जांश व दाब २०,००० व्होल्ट असल्यास ऊर्जा ०.२ ज्यूल होते. तिनें मनुष्य दचकतो. दाब दुप्पट केल्यास ऊर्जा चौपट होते. अशा ५० बरण्या एकत्र जोडल्यास २०,००० व्होल्टांसच १० ज्यूल सांठतात, आणि इतकी ऊर्जा छातींतून गेल्यास हृदय बंद पडूं शकतें. म्हणून विद्यार्थ्यांनीं एकच लहान बरणी करावी, ती घांसलेल्या एबोनाइटच्या दांडीनेंच भरावी, आणि प्रयोगाच्या वेळीं शिक्षक जवळ असावेत. घरांतील वीज किंवा जुन्या यंत्रांतील ट्रान्सफॉर्मर यांस हात लावूं नये.

विसर्ग करितांना रोधक मुठीच्या तारेचें एक टोंक प्रथम बाहेरच्या वर्खास लावून मग दुसरें गोळीजवळ न्यावें. इतक्यानें काम संपलें असें मानूं नये. कांचेंत मुरलेला विद्युद्भार कांहीं मिनिटांनीं पुन्हां पत्र्यांवर येतो व दुसरी ठिणगी पडते. यास्तव बरणी ठेवतांना गोळी व बाहेरचा वर्ख तारेनें जोडूनच ठेवावे. बंद केलेल्या मायक्रोवेव्ह भट्टींतील संग्राहकांतही प्राणघातक विद्युत् उरलेली असूं शकते, ती याच कारणास्तव नव्हे, तर सांठविलेलें राखणें हाच संग्राहकाचा धर्म आहे म्हणून.

विद्यार्थिमित्रहो, उगम तोडला म्हणजे शक्ति नष्ट झाली असें नव्हे, एवढें या बरणीपासून शिकलांत, तरी आमच्या श्रमाचें चीज झालें असें आम्ही समजूं.