चुलीची धग कुठे जाते?

रांजणाला भोक पडले आहे. पाणी गळते आहे. अशा वेळी आपण काय करतो? आणखी घागरी आणून ओततो का? नाही. आधी भोक बुजवतो, मग पाणी भरतो.

आपल्या घरात असाच आणखी एक गळका रांजण आहे. त्याची गळती डोळ्यांना दिसत नाही, एवढेच. तो रांजण म्हणजे आपली चूल. तिच्यातून पाणी गळत नाही, धग गळते. धग म्हणजे उष्णता.

हिशेब पाहा. तीन दगडांच्या उघड्या चुलीत शंभर भाग धग निघाली, तर त्यांतले दहा-पंधरा भागच भांड्याला मिळतात. बाकीची धग कुठे गेली? काही दगडांत मुरली. काही वाऱ्याने नेली. काही भांड्याच्या बाजूने वर गेली. म्हणजे दहा काटक्या जाळल्या, तर एक-दीड काटकीवर स्वयंपाक झाला. बाकीच्या काटक्या वाऱ्यासाठीच वाहून आणल्या म्हणायच्या!

त्या वाहिल्या कोणी? घरातल्या बाईने. उन्हातान्हात ती रानात गेली. डोक्यावर मोळी घेऊन आली. कधी मुलगीही शाळा बुडवून तिच्याबरोबर गेली. म्हणून आम्ही म्हणतो, हा धडा नुसता बायकांचा नाही. घरच्या पुरुषांनीही तो वाचावा.

ही गळती जुन्या माणसांना ठाऊक होती. म्हणून तर त्यांनी चुलीशेजारी वैल ठेवला. चुलीतली उरली धग वैलाकडे जाते. तिच्यावर दूध तापते, पाणी कोमट होते. वेगळे जळण लागत नाही. हीच युक्ती आपण पुढे नेऊ या.

पहिली गोष्ट : जळण वाळलेले असावे. ओल्या लाकडात पाणी असते. ते पाणी उडून जाण्यातच पुष्कळ धग खर्च होते. मग भांड्याला काय उरणार? पावसाळ्याआधी सरपण आडोशाला रचावे. जाड लाकूड फोडून बारीक करावे. धूर फार झाला, तर जळण नीट जळत नाही असे समजावे. धूर म्हणजे अर्धवट जळून वाया गेलेले सरपणच. शिवाय तो डोळ्यांना आणि छातीला वाईट.

दुसरी गोष्ट : चूल नीट असावी. भांडे आणि चूल यांच्यामध्ये बोटभर फट पुरे. फट मोठी असली तर धग निसटते. फट मुळीच नसली तर जाळ कोंडतो. लाकडांखाली लोखंडी जाळी ठेवावी. खालून हवा मिळते आणि जाळ स्वच्छ होतो. राख रोज काढावी.

धुराडे असलेली चूल आणखी बरी. वर्ध्याच्या मगनवाडीत अशी 'मगन चूल' तयार झाली. पुढे १९८३ साली भारत सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता. पण चूल सुधारली तरी धुराडे साफ करावे लागते, बरं का! काजळीने धुराडे तुंबले, की धूर पुन्हा घरात येतो.

तिसरी गोष्ट : भांड्यावर झाकण हवे. एक लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी धग लागते, तिच्या सुमारे सातपट धग तेच पाणी वाफ होऊन उडून जायला लागते. उघड्या भांड्यातून वाफ निघते, ती ही धग घेऊनच निघते.

कोणी म्हणेल, "गुरुजी, झाकण ठेवलं तर डाळ उतू जाते की!"

उतू जाते, कारण जाळ जास्त आहे. बाई, पाणी एकदा उकळू लागले, की त्याहून अधिक तापत नाही. खाली जाळ कितीही वाढवा, डाळ लवकर शिजणार नाही. नुसती वाफच जास्त होईल. म्हणून उकळी आली, की दोन लाकडे मागे ओढा. डाळ, हरभरे, चवळी आधी भिजत घाला. भिजलेले धान्य लवकर शिजते.

चौथी गोष्ट : धग कोंडून ठेवावी. एक लाकडी खोका घ्या. तळाशी आणि चारी बाजूंना वाळलेला पेंढा वीतभर जाड दाबून भरा. मध्ये भांड्याएवढी जागा ठेवा. भाताला उकळी आणून पाच मिनिटे शिजू द्या. भांड्याला निखारा चिकटलेला नाही ना, ते पाहा. मग झाकणासकट भांडे खोक्यात ठेवा. वरून जुनी गोधडी घट्ट दाबा. पाऊण तासाने उघडा. विस्तवाशिवाय भात शिजलेला असतो! तो गरम आहे तोवरच खावा.

आता बऱ्याच घरी गॅस आला आहे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून खेडोपाडी शेगड्या आल्या. पण सिलिंडर संपला, की पुन्हा चूल पेटते. म्हणून गॅसही जपून वापरावा. नियम तेच. झाकण ठेवा. उकळी आल्यावर आच कमी करा. ज्वाला भांड्याच्या बाजूने वर येऊ देऊ नका. कुकर असेल तर उत्तमच. त्यात वाफ कोंडते, पाणी नेहमीच्या उकळीहून अधिक तापते, आणि डाळ लवकर शिजते.

आता दिव्याचे थोडे पाहू. जुना पिवळा बल्ब म्हणजे दुसरी उघडी चूलच! त्याला हात लावला तर चटका बसतो. बहुतेक वीज उष्णतेत जाते, उजेड थोडाच मिळतो. साठ वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला, तर महिन्याला ९ युनिट वीज लागते. जवळजवळ तेवढाच उजेड नऊ वॅटचा एलईडी दिवा देतो. त्याला महिन्याला दीड युनिटही लागत नाही. मोरीत, गोठ्यात अजून पिवळा बल्ब असेल, तर तो बदला.

हे सारे आम्ही सांगतो म्हणून मानू नका. स्वतः मोजून पाहा. आता तुम्हाला लिहिता येते. एक वही करा. आठ दिवस रोज सरपण तोलून वापरा आणि आकडा लिहा. पुढचे आठ दिवस वरील गोष्टी करून पाहा. पुन्हा आकडा लिहा. सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर मांडा. विजेच्या बिलावरचे युनिट स्वतः वाचा. चार मोळ्यांचे काम तीन मोळ्यांत झाले, तर घरच्या बाईची रानातली एक खेप वाचली. मुलीचा शाळेचा एक दिवस वाचला.

प्रश्न

१. उघड्या चुलीतली धग कुठे कुठे जाते?

२. उकळी आल्यावर जाळ का कमी करावा?

३. वैलाचा उपयोग काय?

४. तुमच्या घरी दिवसाला किती किलो सरपण लागते? तोलून वहीत लिहा.