पुढारी खोलीबाहेर गेल्यावर

शब्बाथशाळा असो, मिशनचे रुग्णालय असो की मंडळीचे कार्यालय असो, हाताखालच्या माणसांशी कसे वागावे हा प्रश्न आपण बहुधा स्वभावावर सोडून देतो. कोणी कडक, कोणी मऊ, असे म्हणतो व थांबतो. परंतु या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे, आणि तो मुलांवर झालेला असल्यामुळे आमच्या शिक्षक बंधुभगिनींना विशेष उपयोगी आहे.

कर्ट लेविन हे यहूदी मानसशास्त्रज्ञ १९३३ साली जर्मनी सोडून अमेरिकेत गेले. तेथे आयोवा विद्यापीठात लिपिट व व्हाइट या सहकाऱ्यांसह त्यांनी १९३८-३९ च्या सुमारास दहा वर्षांच्या मुलांची पाच-पाच जणांची मंडळे काढली. मुले मुखवटे व अशाच वस्तू करीत. पुढारी तीन तऱ्हांचे असत. पहिला हुकूम सोडी, आणि एका वेळी एकच पायरी सांगे. पुढे काय करावयाचे ते मुलांना कळतच नसे. दुसरा सर्व बेत आधी समजावून सांगे, मुलांचे मत घेई व जोडीदार त्यांनाच निवडू देई. तिसरा सामान देऊन बाजूला बसे. या तिसऱ्याच्या मंडळात काम कमी व दर्जाही हलका झाला. मोकळे सोडणे म्हणजे प्रेम नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे.

हुकमी पुढाऱ्यापुढे काम पुष्कळ होई, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तो खोलीबाहेर गेला की कामाला लावलेला वेळ निम्म्याहून खाली येई. दुसऱ्याच्या मंडळात तो जवळजवळ तेवढाच राही. चार मुलांनी मंडळ सोडले, ती चारही हुकमी कारकिर्दीत. आणि त्या वेळी उघड बंडाळी मुळीच झालेली नव्हती! गप्प वर्ग पाहून समाधान मानणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे.

मुलांवरून नोकरमाणसांचे अनुमान काढावे काय, असे कोणी विचारील. स्वीडनमध्ये स्टॉकहोम परिसरातील तीन हजारांवर पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे वरिष्ठ स्पष्ट सूचना देणारे व विचारपूस करणारे होते, त्यांच्यात हृदयविकार कमी आढळला. एकाच ठिकाणी नोकरी जितकी जुनी, तितका हा फरक अधिक. साहेबामुळेच आजार होतो असे एवढ्यावरून ठरत नाही, तरी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

रहबामाला वडीलधाऱ्यांनी सौम्यतेचा सल्ला दिला होता. त्याने तो टाकला, आणि दहा वंश गेले (१ राजे, अध्याय १२). तेथे निदान लोक बोलून तरी गेले.

शिक्षकांच्या बैठकीत एवढे विचारून पाहावे: येत्या नाताळच्या कार्यक्रमाचा संपूर्ण बेत वर्गातील किती मुलांना ठाऊक आहे?